गडी 'व्हय जी' म्हणतो, निवेदक मात्र पेठेतच राहतो

पाणंद

बोलीभाषेतली कादंबरी म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यातल्या बहुतेक बोलीभाषेत नाहीतच. अवतरणचिन्हांच्या आत बोली, बाहेर प्रमाण मराठी. पात्रानं तोंड उघडलं की गाव दिसतं आणि मिटलं की पुन्हा मास्तर बोलायला लागतात.

'बनगरवाडी'त (१९५५) ही वाटणी चपखल बसते, कारण तिथे निवेदक खरोखरच मास्तर आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नोकरीला आलेला पोरगा. तो त्याच मुलखातला असला तरी शिकलेला आहे, त्यामुळे त्याची भाषा आणि कारभाऱ्याची भाषा यातलं अंतर हे कथेतलंच अंतर आहे. पण उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) घ्या. कौतिकचं बोलणं अस्सल वऱ्हाडी, इतकं की तिचा नवरा महादेव किती नाकर्ता आहे हे तिच्या बोलण्याच्या हेलातूनच कळत जातं. निवेदन मात्र मुख्यतः प्रमाण मराठीत. कौतिकच्या मनात काय चाललंय ते आपल्याला सांगणारा माणूस कोण? तो तिच्या गल्लीतला तर नाही. कादंबरी मोठी आहे, त्यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की कौतिक विचारसुद्धा वऱ्हाडीतच करत असणार ना?

मग १९७१ मध्ये आनंद यादवांची 'गोतावळा' येते आणि मधला माणूसच गायब होतो. नारबा हा शेतगडी, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तोच बोलतो. मळ्यातली जनावरं एकेक करून जातात, यंत्र येतं, आणि हे सगळं आपल्याला नारबाच्याच शब्दांत झेलावं लागतं. त्याच्या वतीनं समजावून सांगायला कुणी उभं नाही.

माझं म्हणणं असं: पात्राच्या बोलीवरून आपल्याला पात्राची जात, गाव, शिक्षण कळतं. निवेदकाच्या भाषेवरून लेखक कुणाला वाचक धरून लिहितोय ते कळतं. आपल्याकडे चर्चा पहिल्याची होते, दुसऱ्याची फारशी नाही. इथल्या जाणकारांनी मतं मांडावीत, शिव्याही चालतील.

पूर्णाकाठ

शिव्या नाही देत मालक, पण 'धग'बद्दल थोडं ऐका. १९६० साली पुण्या-मुंबईच्या वाचकाला कौतिकचे संवाद पचवणंच जड होतं. अख्खं निवेदन वऱ्हाडीत असतं तर छापलं कोण असतं? तडजोड केली म्हणून आज आपण तिच्याबद्दल बोलून राह्यलो.

माझा खरा राग वेगळा आहे. वऱ्हाडी म्हणून जे कथांमध्ये येतं, त्यात 'मले-तुले' आणि 'करून राह्यला' या दोन खुंट्यांवर सगळं टांगलेलं असतं. अकोल्याचं, अमरावतीचं, यवतमाळचं बोलणं सारखं नाही. नागपूरची तऱ्हा वेगळी, भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली तर आणखीच वेगळी. आणि एकाच गावात पाटील आणि त्याचा सालदार जवळपास एकसारखंच बोलतात हो! लेखक मात्र पाटलाच्या तोंडी निम्मी प्रमाण भाषा घालतो आणि सालदाराच्या तोंडी चौपट वऱ्हाडी. गावात नसलेली दरी कागदावर तयार होते.

रंकाळा_कट्टा

+१. आमच्याकडचं बघा. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका 'मी येतो', 'मी सांगितलो की त्याला' असं बोलतात. माझी आत्ती अजून बोलते. कथेत हे किती वेळा वाचलंय? फारसं नाहीच. कारण बाहेरच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटणार. उलट 'बगा', 'व्हय', 'न्हाई' ढीगभर सापडतं, कारण ते सगळ्यांना 'गावठी' म्हणून ओळखू येतं. म्हणजे लेखक बोलीतलं काय उचलतो? जे शहरी वाचकाला आधीच ठाऊक आहे तेवढंच.

टिंबटिंब

मुद्रितशोधनात अर्धं आयुष्य गेलं, म्हणून थोडं शुद्धलेखनाच्या बाजूनं.

पाणंद यांनी जी वाटणी सांगितली ती फक्त लेखकांच्या सवयीची नाही, ती नियमात आहे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठरा नियम आपण पाळतो. त्यातला एक नियम सांगतो की पात्राच्या तोंडी बोलभाषा घालायची असेल तर उच्चाराप्रमाणे लिहावं. इतर ठिकाणी त्याच शब्दांची लेखी रूपं वापरावीत. संवादात 'असं', निवेदनात 'असे'. संवादात 'म्हटलं', निवेदनात 'म्हटले'. निवेदक हा बोलणारा माणूसच नाही, हे त्यात गृहीत धरलंय. आता ललित लेखनात हे कोणी काटेकोर पाळत नाही, मी स्वतःही इथे पाळत नाहीये, पण पाठ्यपुस्तकं आणि सरकारी कागद अजून त्याच वाटेनं जातात.

आणि एक गंमत. 'म्हणजे' हा शब्द घ्या. पेठेतला प्राध्यापकही घाईत 'म्हंजे'च म्हणतो. 'पाहिजे'चं 'पायजे' करतो. पण कथेत प्राध्यापकाच्या तोंडी 'म्हणजे' छापतात आणि मोलकरणीच्या तोंडी 'म्हंजे'. उच्चार एकच, स्पेलिंग दोन. इथे बोली दाखवलेलीच नाही, दाखवलंय ते फक्त अशिक्षितपण. असं हस्तलिखित आलं की मी समासात बारीक पेन्सिलीनं लिहायचो, 'सरांचंही म्हंजे करावे का?' एकाही लेखकानं हो म्हटलं नाही.

शकारबंधू

हे दोन हजार वर्षं जुनं दुखणं आहे. संस्कृत नाटकात राजा, मंत्री संस्कृत बोलणार. बायका आणि बहुतेक खालची पात्रं प्राकृत. प्राकृतातही प्रकार: 'शाकुंतला'त शकुंतला शौरसेनी बोलते, अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला पकडणारे शिपाई मागधी. गाणं आलं की महाराष्ट्री, जिच्यातून मराठी आली. (म्हणजे आपली आजी गाण्यापुरती स्टेजवर. असो.)

पण गंमत तिथेही अपवादांत आहे. विदूषक जातीनं ब्राह्मण, तरी प्राकृत बोलतो, कारण त्याचं नाटकातलं स्थान विनोदी. आणि 'मृच्छकटिका'तला शकार हा राजाचा मेहुणा, सत्ता पाठीशी, पण बोलणं मागधीच्या वळणाचं, 'स'च्या जागी 'श'. नावही त्यावरूनच पडलं. रामायण-महाभारताचे दाखले देतो आणि द्रौपदी-रावण-कुंती सगळी भेळ करतो. म्हणजे तिथे बोली जात दाखवत नाही, माणसाचा हलकेपणा दाखवते. त्याच नाटकात विदूषक मैत्रेय म्हणतो की मला दोन गोष्टींचं हसू येतं: संस्कृत म्हणणारी बाई आणि बारीक आवाजात गाणारा पुरुष. आपल्या भाषेची पायरी सोडली की माणूस हास्यास्पद, हा नियम किती जुना आहे बघा.

येवा_कोकण

माका ह्या सगळा पटता. मालवणी म्हटला की लोकांका आधीच हसाक येता, समोरचो रडत असलो तरी.

'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक आमचा अभिमान, त्यात दुमत नाही. पण त्यानंतर मालवणी म्हणजे विनोद हे समीकरण इतकं घट्ट झालं की मालवणीत गंभीर लिहायला बसलं तरी वाचणारा हसायची तयारी करूनच बसतो. मालिकांचं तर विचारू नका. घरचा नोकर आमचा, भुताटकी आमची, आणि नायिका दादरची. प्रवीण बांदेकरांसारख्यांनी मालवणी मुलखातलं राजकारण, जमिनी, माणसांची कोंडी हे कादंबरीत आणलं तेव्हा कुठे जरा श्वास घेता आला.

उंबरठा_७

धागा चांगला आहे, पण यात एक गोष्ट गृहीत धरली जातेय, ती मला खुपते. बोली म्हणजे खरं आणि प्रमाण म्हणजे उसनं, असा सूर लागलाय.

अण्णाभाऊंची 'फकिरा' (१९५९) बघा. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली कादंबरी. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस निवेदन प्रमाण मराठीत करतो, तेही दणदणीत. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह १९६३ चा. त्यातलं निवेदन म्हणजे भाषणासारखी चढत जाणारी लेखी मराठी. ही भाषा त्यांना कुणी दिलेली नव्हती, त्यांनी घेतली. ज्या भाषेत आपल्या बापजाद्यांना आदेश आणि निकाल ऐकवले गेले, त्याच भाषेत आरोपपत्र लिहायचं, यात जी जरब आहे ती तुम्हाला 'पेठेतला निवेदक' वाटते का?

दलित लेखकानं आईची भाषा कागदावर आणली की समीक्षक 'रांगडी, अस्सल' म्हणून पाठ थोपटतात. त्यानंच प्रमाण भाषेत लिहिलं की 'मुळं तुटली' म्हणतात. कुठल्या सवर्ण लेखकाला आजवर विचारलंय, की तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत का लिहीत नाही?

दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) आत्मकथन आहे, कादंबरी नाही, तरी नाव घेतो. तिथे शिकलेला दया पवार आणि दगडू मारुती पवार असे दोघं आहेत. एक सांगतो, दुसरा ऐकतो. एका माणसाच्या दोन भाषा असतात आणि दोन्ही त्याच्याच असतात, हे त्या रचनेतच आहे.

पाणंद

उंबरठा, हा मुद्दा मान्य. 'फकिरा' आणि बागूल या धाग्यात आधीच यायला हवे होते, बरं झालं तुम्ही आणलेत. तरी फरक एवढा करतो: बागुलांनी प्रमाण भाषा निवडली, ताब्यात घेतली. माझा आक्षेप तिथे आहे जिथे निवड झालेलीच नाही, लेखकाला निवेदक त्या भाषेशिवाय सुचलाच नाही.

उंबरठा_७

ते वाचकाला कळणार कसं? लेखकाच्या डोक्यात शिरून?

इराणी_चहा

शहराची बोली कोणी काढलीच नाही! भाऊ पाध्यांची 'वासूनाका', १९६५. पोक्या सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतो, नाक्यावरच्या भाषेत. 'गोतावळा'च्या आधी सहा वर्षं, आणि तिथेही मधला मास्तर नाही. अत्रे तुटून पडले होते त्या पुस्तकावर. अश्लीलतेचा गदारोळ झाला. मला वाटतं निम्मा राग मजकुरावर होता आणि निम्मा या गोष्टीवर, की ती भाषा अवतरणचिन्हांतून बाहेर पडून मोकळी फिरत होती. तेच प्रसंग सभ्य निवेदकानं हळहळत सांगितले असते तर 'वास्तववादी' म्हणून खपून गेले असते.

'कोसला'ही यात येते (१९६३). तिचा नायक सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला. अहिराणीत वगैरे लिहीत नाही, पण त्याची मराठी प्रमाण भाषेची टर उडवत चालते. बोली नाही आणि प्रमाणही नाही, असा तिसरा रस्ता.

नवी_पाटी

सगळ्यांना नमस्कार. मी बरेच दिवस इथे नुसती वाचते. कथा लिहितेय, त्यात आई अचलपूरकडची, आशा सेविका आहे. मुलगा हिंजवडीत आयटीत. फोनवरचा प्रसंग आहे. मी पुण्याची. पहिला खर्डा असा, आणि काहीतरी खोटं वाटतंय:

"आरं लेकरा, कवा येनार हायेस तू? म्या लई वाट बगतिया."
"येतो गं आई शनिवारी. काळजी करू नकोस."

रंकाळा_कट्टा

ताई, ही बाई आमच्याकडची पण नाही 😀 ही सिनेमातली आहे. तमाशापटातून निघाली आणि थेट मालिकेत उतरली. महाराष्ट्रात कुठल्याच स्टँडला ती एसटीतून उतरत नाही.

पूर्णाकाठ

खोटं वाटलं ते बरोबर वाटलं. अचलपूरला 'बगतिया' म्हटलं तर शेजारीण विचारीन, बाई कोणाकडे पाव्हण्या आल्या? माय असं म्हणन:

"कवा येतं रे बापू? मी कधीची वाट पाहून राह्यली."

बस. 'पाणी'चं 'पानी', 'कोण'चं 'कोन' असं प्रत्येक शब्दाला खरवडत बसू नका. वाक्याची चाल वऱ्हाडी झाली की वाचणारा बाकीचं आपोआप तसं ऐकते. 'येजो', 'सांगजो' अशी रूपं एखाद्या ठिकाणी वापरा: 'येतानी गोया घेऊन येजो.' ळ चा य सगळीकडे, सगळ्या वयात होत नाही, म्हाताऱ्यांमध्ये जास्त. माय पन्नाशीची असन तर तिच्या तोंडी 'गोया' ठेवा आणि मीटिंगमध्ये सिस्टरबाईंशी बोलताना 'गोळ्या' करा. आशाचं काम करणारी बाई दोन्ही जाणते.

मले तुमच्या मायपेक्षा पोराची चिंता आहे. तो 'येतो गं आई' कसा काय म्हणते? चार वर्षात इतका पुण्याचा झाला?

नवी_पाटी

तेच तर! तो ऑफिसच्या कॅबमध्ये आहे, शेजारी टीममधले लोक आहेत. म्हणून तसं बोलतो, असं मला दाखवायचंय.

उंबरठा_७

मग तीच तुमची कथा आहे, फोन नाही. आईची बोली वाचकाला एक माहिती देते: बाई अमरावती जिल्ह्यातली. मुलाचं बदलणं चार गोष्टी सांगतं. कॅबमध्ये तो 'हो आई, येतो ना शनिवारी' म्हणेल, 'गं'सुद्धा न लावता, कारण त्याच्या घरी 'गं' नाहीच आणि त्याजागी असतो तो 'व' त्याला कॅबमध्ये काढायचा नाही. कॅबमधून उतरला, बाकीचे पुढे गेले, की: 'येतो ना व माय, कायले रडतं?' यात निवेदकानं एक शब्द बोलायची गरज नाही. 'त्याला आपल्या भाषेची लाज वाटली' असं वाक्य कृपया लिहू नका, हात जोडतो.

आणि लाजच असते असंही नाही. मी ऑफिसात प्रमाण मराठी बोलतो, इंग्रजीही बोलतो. तिथे मला आडनाव विचारायच्या आधी लोक माझ्या 'न' आणि 'ण' कडे कान देतात. तेव्हा मी 'ण' नीट लावतो. ते चिलखत आहे. तुमचा मुलगा कुठल्या समाजातला आहे यावर त्याचा 'ण' अवलंबून राहील, ते आधी ठरवा.

शकारबंधू

उंबरठा, 'न-ण'चं हे फार खरं आहे. हिंदीत 'पानी' हेच शिष्ट रूप, कोणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे त्याच उच्चारावरून माणसाची सात पिढ्यांची चौकशी होते.

टिंबटिंब

यात लिपीचाही हात आहे. देवनागरीत न-ण, ळ-य दाखवता येतात, म्हणून लेखक तेच दाखवतात. 'चमचा'तला च आणि 'चार'मधला च वेगळे, पण लिहायचे एकाच अक्षरानं. त्यामुळे कोण कुठला च कुठे वापरतो हे कागदावर उमटत नाही. हेल तर अजिबातच नाही. म्हणून वाक्यरचना आणि शब्दक्रम यांवर भर द्या, असं पूर्णाकाठ म्हणताहेत ते मुद्रितशोधक म्हणूनही पटतं. जोडाक्षरं आणि पाय मोडलेली अक्षरं घालून संवाद काटेरी केला की तिसऱ्या पानावर वाचक संवाद गाळून वाचायला लागतो.

येवा_कोकण

ऑडिओबुकवाल्यांक ह्या कोणी सांगा रे! मालवणी संवाद वाचतानी निवेदक 'खंय'चा उच्चार असो करता की माझी आजी उठान बसात.

पाणंद

नवी_पाटी, एक विचारू? प्रसंग मुलाच्या नजरेतून आहे ना? मग तो एकटा चालत खोलीवर जातो तेव्हाचं निवेदन कुठल्या भाषेत?

नवी_पाटी

प्रमाणच ठेवलंय. त्याच्या मनातलं वऱ्हाडीत लिहायचं म्हटलं तर मी पुण्याची बाई, दहा ओळींत उघडी पडेन. संवाद पूर्णाकाठ तपासून देतील, पण त्याचं मन कोण तपासून देणार?

पूर्णाकाठ

मी देतो ना. मेल करजा.

उंबरठा_७

पाणंद, मला ताईंचं पटतं. ज्याच्या भाषेत आपण विचार करत नाही त्याच्या भाषेत निवेदन करायचा हट्ट कशाला? प्रमाण ठेवा, पण ते निवेदन तटस्थ सत्य सांगतंय असा आव आणू नका. तिथे एखादी शंका ठेवा, एखादा 'बहुतेक' ठेवा.

पाणंद

इथे आपलं जमत नाही. मला वाटतं पूर्णाकाठच्या मदतीनं दोन परिच्छेद तरी वऱ्हाडीत करून बघावेत. फसलं तर फसलं. 'बहुतेक' घालून निवेदक पेठेतून फार तर कर्वे रोडपर्यंत येतो.

इराणी_चहा

😀 कर्वे रोडला आता फार ट्रॅफिक असतो.

नवी_पाटी

दोन्ही करून बघते. अजून एक अडचण: मागच्या कथेच्या वेळी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'राह्यली'सारखी सगळी रूपं 'राहिली' करून टाकली होती, मला न विचारता. तळटिपाही घातल्या होत्या. 'माय = आई'.

टिंबटिंब

'माय = आई'! अरेरे. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर ठळक लिहा: संवादांतील रूपे लेखिकेच्या मान्यतेशिवाय बदलू नयेत, तळटिपा देऊ नयेत. शिवाय सोबत शब्दांची यादी जोडा: राह्यली, येजो, कायले, गोया, व माय. मुद्रितशोधकाला यादी मिळाली की तो हात लावत नाही. न मिळाली तर तो आपलं काम करणारच, त्याचा दोष नाही. आणि पीडीएफ छपाईला जाण्याआधी स्वतः एकदा मागवून बघा. संगणकावरचा शुद्धलेखन तपासणारा 'गोया'चं काय करेल याचा नेम नाही.

पूर्णाकाठ

त्यानं 'गोवा' केलं तर आयटीवाल्या पोरानं मायसाठी गोवा घेऊन यायचा 😀